मामा माझी सोंगटी मारेनात

नवरा गेला त्यानंतरचं पहिलं वर्ष मी मोबाईलवर फळं जुळवत काढलं. तीन सफरचंदं एका रांगेत आली की ती फुटतात, वरून नवीन पडतात, ती परत जुळवायची. बास, एवढाच खेळ. मी तेव्हा कळंबला एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क होते. ऑफिस सुटलं की घरी यायचं, भाकरी टाकायच्या, सासऱ्यांचं ताट झाकून ठेवायचं आणि स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून फळं फोडत बसायचं. आवडत होतं का, असं कुणी विचारलं की मी हो म्हणते, कारण नाही म्हटलं की लोक पुढचं विचारतात. खरं म्हणजे काहीच वाटत नव्हतं. फळ फुटताना एक बारीक आवाज यायचा आणि तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही नसायचं.

मला रडूही आलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण गल्लीतल्या बायकांना त्याचंच पडलं होतं. माणूस सकाळी अंघोळ करून आला, शर्टाची बटणं लावता लावता खाली बसला आणि संपला. दवाखान्यात नेलं ते न्यायचं म्हणून. दहाव्याला बायका माझ्या गळ्यात पडून रडत होत्या आणि मीच त्यांच्या पाठीवर थोपटत होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "रड गं बाई, मोकळी हो." मी मनात म्हटलं, नळ आहे का काय, फिरवला की यायला! पुढं ह्याच काकूंनी मला मोबाईलवर खेळताना पाहिलं आणि भिंतीपलीकडून कुणाला तरी सांगितलं, "नवऱ्याचं वरीस न्हाय झालं आन् ही बघ, गेम खेळत बसलीय." मला ऐकू यावं अशाच बेतानं. माझा स्वभाव तसा तिखट. एरवी मी भिंतीवरून वाकून चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी मी फक्त आवाज थोडा कमी केला.

सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात. मामा जन्मभर मोंढ्यात, एका अडत दुकानावर, धान्याच्या मापाला होते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. आम्हाला मूलबाळ झालं नाही. म्हणजे आता घरात मी आणि मामा, आणि आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो. भांडण नव्हतं हो, रीत होती. सुनेनं सासऱ्यासमोर बसायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, नजरेला नजर द्यायची नाही. ऑफिसात मी मोठ्या साहेबांना तोंडावर सांगणारी, की सर, सही चुकीच्या जागी केलीत. पण घरात पाय टाकला की पदर डोक्यावर. नवरा होता तोवर सगळं त्याच्यामार्फत चालायचं. मामा म्हणायचे, "तिला म्हन, भाजीत मीठ जास्त झालंय." मी दाराआडून म्हणायचे, "त्यांना सांगा, उद्या कमी घालीन." आणि तो बिचारा मधे बसून जेवत असायचा.

मधला माणूसच गेल्यावर पंचाईत झाली. मी भिंतीला सांगायला लागले, "चहा झालाय." मामा अंगणातल्या मांजराला सांगायचे, "ठेव म्हनावं तिथं." ह्या घरात सगळ्यात जास्त बोलणं ज्याच्याशी व्हायचं, ते माणूस म्हणजे मांजर. यात हसण्यासारखं काही आहे हे मला फार उशिरा कळलं.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी दुपारी लाईट गेली आणि आलीच नाही. मोबाईलही संपला. मी तशीच चौकटीला टेकून बसले होते. काळा पडदा हातात, आणि त्याच्यावर अंगठा फिरवत होते. फिरवत होते हे मला माहीत नव्हतं. मामा ओसरीवर होते, त्यांनी पाहिलं. ते उठले, कुठून तरी खडू आणला आणि ओसरीच्या शहाबादी फरशीवर चौकोन आखायला लागले. पाच घरं आडवी, पाच उभी. चारी बाजूंच्या मधल्या घरात फुल्या, आणि सगळ्यांच्या मधोमध एक मोठी फुली. चार चिंचोके भिंतीवर घासून एका बाजूनं पांढरे केले. एका बाजूला चार हरभरे ठेवले, समोर चार तुरीचे दाणे. मग मांजराला म्हणाले, "चल्लस येतं का इचार."

येतं का! माझं माहेर ईटचं. ईटला आमच्या गल्लीत मी चल्लस खेळायला बसले की पोरी आधी ठरवून घ्यायच्या, ही हरली तर पट पुसून पळणार, कोण धरणार हिला? आम्ही तेव्हा सोंगट्या म्हणून फुटक्या बांगड्यांचे तुकडे घ्यायचो. सगळेच घेतात. मामांनी ते न घेता दाणे का घेतले, हे मला समजलं. एवढा विचार त्यांनी माझ्यासाठी केला, याचं जरा नवल वाटलं. नवल हे पण बऱ्याच दिवसांनी वाटलं होतं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांना एवढं सांगते. चिंचोके उडवायचे, पांढरे जितके वर पडतील तितकी घरं सोंगटी चालवायची. आपल्या फुलीपासून निघून बाहेरच्या घरांनी एक पूर्ण फेरा मारायचा, मग आतल्या घरांत शिरायचं आणि शेवटी मधल्या फुलीवर पोचायचं. समोरच्याच्या सोंगटीवर आपली जाऊन पडली की ती मेली, तिनं परत पहिल्यापासून सुरू करायचं. आणि एक अट. समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आपल्याला आत शिरता येत नाही. बाहेरच फिरत राहायचं. खेळाची सगळी मजा ह्या अटीत आहे.

पट मधे आला की समोरासमोर बसावंच लागतं, तिथं रीत काय करणार? मी पदर नाकापर्यंत ओढून बसले. पहिला डाव मीच जिंकले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर पट आखून तयार. मग ते रोजचंच झालं. चहा, पट, भाकरी. बोलणं आकड्यांपुरतं. एक पडला तर मामा एक म्हणायचे नाहीत, "लाभ" म्हणायचे. मापाच्या माणसाची जुनी सवय, पहिलं माप कधी एक म्हणून मोजायचं नाही. मी रोज जिंकत होते. जिंकल्यावर दाणे डब्यात टाकून उठत होते. फळांपेक्षा बरं होतं इतकंच, पलीकडं माणूस होता.

पावसाळा संपता संपता माझा भाऊ आला. तो म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणारा. आधी सोयाबीनचं बोलला, मग रस्त्याचं, मग कुणाच्या तरी म्हशीचं. शेवटी मीच म्हटलं, "आता बोल की बाबा, मला भाकरी करायच्यात." तेव्हा त्यानं सांगितलं. लातूरचं स्थळ आहे, सरकारी नोकरी, बायको वारलेली, माणूस चांगला, मुलं नाहीत. दिवाळीपर्यंत सांगायचं. तो माणूस एकदा येऊनही गेला. मी पोहे ठेवले तर म्हणाला, "मला पोहे फारसे आवडत नाहीत, थोडेच द्या." पहिल्याच भेटीत खरं बोलणारा माणूस. चांगला आहे हे मला कळलं. वाटलं असं नाही म्हणणार, कळलं.

भावानं मामांना विचारलं. मामा म्हणाले, "तिचं तिनं बघावं. म्या कोन सांगनार?" मला विचारलं, मी म्हणाले, "मामा म्हणतील तसं." भाऊ कपाळाला हात लावून गेला. पण मी खोटं बोलले नव्हते. मला जायचंही वाटत नव्हतं आणि राहायचंही वाटत नव्हतं. उंबऱ्यावरच्या माणसाला कुणी हात धरून आत ओढावं नाहीतर बाहेर ढकलावं, एवढंच मला हवं होतं. मामांनी एक शब्द बोलावा. राहा म्हणाले असते तर राहिले असते, जा म्हणाले असते तर गेले असते. आणि हा माणूस रोज माझ्यासमोर बसून आकडे सोडून काही बोलत नव्हता.

त्यांच्या तोंडाकडं बघता येत नाही म्हणून मी त्यांच्या हाताकडं बघायला लागले. आणि मग मला दिसलं.

मामांना तीन पडले होते. त्यांच्या हरभऱ्यापुढं तिसऱ्याच घरात माझा दाणा उघडा उभा होता. त्यांनी तो हरभरा तसाच ठेवला आणि पलीकडचा तीन घरं सरकवला.

"तीन पडले," मी पटाला म्हणाले. "हितला दाणा मरतो."

"दिसलं न्हाय," मामा म्हणाले.

दिसलं न्हाय? डोंबल! ज्वारीतला खडा बिनचष्म्यानं काढणारा माणूस, त्याला हाताएवढ्या पटावरचा तुरीचा दाणा दिसत नाही! दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम माझे दाणे त्यांच्या वाटेत ठेवले. मारा म्हणून वाढून ठेवले म्हणा ना. ते बाजूनं गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच. मग मागचे सगळे डाव मला आठवले. ह्या माणसानं माझी एकही सोंगटी कधी मारली नव्हती. त्यामुळं त्यांची एकही सोंगटी कधी आत गेली नव्हती. मी माझे दाणे मधल्या फुलीवर नेऊन जिंकत होते, आणि त्यांचे चार हरभरे घाण्याच्या बैलासारखे बाहेरच्या बाहेर फिरत होते. इतके महिने!

पुढच्या वेळी तसंच झालं तेव्हा माझं डोकं सटकलं.

"मारा की!" मी ओरडले. भिंतीला नाही, मांजराला नाही, सरळ त्यांना. पदर कधी खाली पडला कळलं नाही. "मला का मारत न्हाय तुमी? कीव करायला मी काय पांगळी हाय का?"

मामांनी मान वर केली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्यांचे डोळे घारे आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

"जिचं देवानं एकदा मारलंय," ते म्हणाले, "तिचं म्या आनि काय मारू?"

"मग तुमी आत कसं जाणार?"

"न्हाय गेलो तर न्हाय. हिंडतो की भायेर."

मी तळहातानं पट पुसून टाकला. म्हणाले, "असलं खेळायचं आसंल तर माझा मोबाईल बरा. तो तरी दयामाया करत न्हाय." आणि आत गेले. भाकरी थापताना पीठ काठवटीबाहेर जात होतं. राग आला होता. मला! मी तो राग जपून ठेवला. चुलीतला निखारा राखेखाली ठेवतात तसा, विझू नये म्हणून रात्री झोपताना परत सगळं आठवून घेतलं.

काही दिवस पट नाही, काही नाही. मोबाईल उघडला तर फळांचा कंटाळा आला. मग एका संध्याकाळी ऑफिसातून आले तर ओसरीवर पट आखलेला, दाणे मांडलेले, मामा बसलेले. मी पर्स खुंटीला लावली, हातपाय धुतले आणि बसले. पदर घेतला पण नाकापर्यंत नाही.

डाव जरा पुढं गेला आणि त्यांना दोन पडले. मामांनी हरभरा उचलला, दोन घरं टाकली, माझा दाणा पटावरून उचलला आणि अशी टिचकी मारली की तो थेट अंगणात. वर "मेली!" म्हणून ओरडले. मांजर पळालं.

अगं बाई, काय सांगू! हा माणूस किती आगाऊ खेळाडू निघाला. इतके महिने दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. माझी सोंगटी आत शिरायच्या तोंडाशी आली की नेमकी हेरायची, मारायची आणि वर चिडवायचं. "गेली बाई माघारी! चला, परत पयल्यापासनं. पानी-बिनी पी जरा." मी म्हणायचे, "चिंचोके दाबून टाकताय तुमी, मला दिसतंय." ते हात पुढं करायचे, "बघ, बघ हात. जलमभर माप केलं, कुनी बोट दाखवलं न्हाय, आन् तू दाखवतीस?" मी हरायला लागले. रोज हरायला लागले. ऑफिसात टायपिंग करता करता मला कालचा डाव आठवायचा, की तिथं दुसरी सोंगटी चालवायला पाहिजे होती. बसून बसून पाय बधिर होतो आणि मग त्यात मुंग्या येतात, आधी नकोसं होतं, तसं मला सगळीकडं होत होतं. मजा येत होती. दुसरा शब्द नाही. दुपारपासून संध्याकाळची वाट बघण्याइतकी मजा.

एकदा आरडाओरडा ऐकून काकू भिंतीवरून डोकावल्या. "काय झालं गं? भांडन का काय?"

"व्हय काकू," मी म्हणाले, "भांडतोय. तुमाला यायचंय का?"

त्या गेल्या. मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणून दिलं, हातात. तांब्या खाली ठेवून मागं सरायचं मला सुचलंच नाही.

दिवाळी जवळ आली. भावाचा फोन आला, उद्या येतो, काय ते ठरवून ठेवा. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी जेवणं झाली, पट मांडला. मी पहिले चिंचोके हातात घेतले आणि टाकलेच नाहीत.

"मामा," मी म्हणाले, "मी राहू का जाऊ?"

ते पटाकडं बघत राहिले. "टाक की."

"आधी सांगा. दोन महिने झाले, तुमी गप. भावाला म्हणता तिचं तिनं बघावं. मला काय दिसतंय का, मी काय बघू?"

"तुला जा म्हनलं तर लोक म्हनतेल, सुनेला हाकललं. राहा म्हनलं तर म्हनतेल, भाकरीसाठी ठेवून घेतली. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय."

"लोकांचं मी विचारलं न्हाय."

मामांनी एक हरभरा उचलला, बोटात फिरवला, परत ठेवला. मग म्हणाले, "खरं सांगू? तू राहावंस, आसं वाटतं. लई वाटतं. सकाळी जाग आली की पयलं कानोसा घेतो, भांडी वाजत्यात का म्हनून. वाजली की बरं वाटतं."

"मग हे सांगायचं की!"

"म्हनूनच बोललो न्हाय. तोंड उघडलं आसतं तर राहा म्हनूनच निघालं आसतं. आन् तू राहिली आसतीस. म्या आज हाय, उद्या न्हाय. मग तू ह्या घरात कुनाशी भांडनार? आता निघालं तोंडातनं. ते निघालं ते खरं हाय. आन् तू जा."

मी चिंचोके खाली ठेवले. माझ्या मनात काय चाललं होतं ते मला नीट सांगता येणार नाही. लातूरचा तो माणूस मला त्या क्षणी आठवलाही नाही. एवढंच कळलं की आता ओढणारं किंवा ढकलणारं कुणी उरलं नाही, आणि जे करायचं ते मलाच करायचं आहे.

"जाते," मी म्हणाले.

मामांनी मान हलवली. "बरं. टाक."

मी टाकले. काय पडलं ते कुणी बघितलं नाही. मामा पटावर वाकलेले होते, आणि त्यांच्या घशातून एक आवाज आला. मला आधी ठसका वाटला. मग खांदे हलायला लागले. त्यांनी दोन्ही हात फरशीवर टेकले, खडू त्यांच्या तळव्यांना लागला, हरभरे इकडंतिकडं गेले.

"माजं पोरगं गेलं गं," ते म्हणाले. "माजं पोरगं गेलं."

दहाव्याला हा माणूस पुरुषांच्या रांगेत ताठ बसून होता. त्या घरात आम्ही दोघं एवढे दिवस मिठाचं बोललो, चहाचं बोललो, सोंगट्यांचं बोललो. हे वाक्य आम्ही एकमेकांना कधीच म्हटलं नव्हतं.

सुनेनं सासऱ्याला हात लावायचा नसतो. मी उठले, पट ओलांडून पलीकडं गेले, त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला तेव्हाही रडू आलं नाही. हाताखाली ती म्हातारी पाठ हलत होती, सदरा घामानं ओला होता.

"व्हय मामा," मी म्हणाले. "गेला."